एका भाषेचं खासगी इस्पितळ

शनिवार, २ डिसेंबर १९६७. केप टाउनच्या ऑब्झर्व्हेटरी भागातून एक कुटुंब ओळखीच्यांकडे चहाला निघालं होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आई आणि पंचवीस वर्षांची मुलगी वाटेत केक घ्यायला गाडीतून उतरल्या. केक घेऊन परत रस्ता ओलांडताना एका मोटारीनं दोघींना उडवलं. आई जागीच गेली. मुलीला, डेनिस डार्व्हालला, जवळच्या ग्रूट स्कूर इस्पितळात नेलं. डोक्याला झालेली इजा भरून येण्यासारखी नव्हती, पण हृदय धडधाकट होतं. डॉक्टर तिच्या वडिलांसमोर बसले आणि तुमच्या मुलीचं हृदय दुसऱ्या माणसाला देऊ का, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न जगात त्याआधी फारसा कुणी कुणाला विचारला नव्हता. बायको आणि मुलगी एकाच दुपारी गमावलेला तो माणूस चार मिनिटं गप्प बसला आणि हो म्हणाला.

तीन तारखेच्या पहाटे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ते हृदय लुई वॉशकान्स्की या किराणा व्यापाऱ्याच्या छातीत बसवलं. माणसाकडून माणसाला झालेलं हे पहिलं हृदयारोपण. डेनिसचं एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलाला दिलं, आणि तो मुलगा तिथल्या सरकारी वर्गवारीप्रमाणे ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय होता. बसमध्ये, शाळेत, वॉर्डात, समुद्रकिनाऱ्यावरसुद्धा माणसं रंगावरून वेगळी बसवणाऱ्या देशात गोऱ्या मुलीचं मूत्रपिंड त्याच्या पोटात बसलं.

वॉशकान्स्की १८ दिवस जगला आणि न्यूमोनियानं गेला. तोवर जगभरचे कॅमेरे केप टाउनला येऊन थडकले होते. बर्नार्ड दिसायला देखणे आणि बोलायला हजरजबाबी. अमेरिकेत, युरोपात घरोघरच्या पडद्यांवर त्यांचा चेहरा झळकला. (फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईच्या के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासांतच दगावला.) बर्नार्डना टीव्हीवर पाहू शकत नव्हते ते फक्त त्यांचे देशबांधव. कारण दक्षिण आफ्रिकेत टीव्हीच नव्हता.

पैशाची अडचण नव्हती. सोनं होतं, हिरे होते, इंजिनिअर होते. सरकारलाच टीव्ही नको होता. टपाल-तार खात्याचे मंत्री आल्बर्ट हर्टझोग टीव्हीला सैतानाची पेटी म्हणत, आणि पंतप्रधान फर्वूर्ट यांनी त्याची गणती अणुबाँब आणि विषारी वायूंसोबत केली होती: या वस्तू आधुनिक आहेत म्हणून हव्याशा ठरत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. काळे आणि गोरे एका पडद्यावर एकत्र दिसतील, ही एक धास्ती. दुसरी भाषेची. टीव्हीला रोज खाऊ घालायचं तर कार्यक्रम इंग्लंड-अमेरिकेतूनच आणावे लागणार, म्हणजे संध्याकाळी घराघरात इंग्रजी वाजणार आणि आफ्रिकान्स मागे पडणार. सत्तेत बसलेल्यांना आपली भाषा इतकी नाजूक वाटत होती.

त्यांना तसं वाटण्यामागे इतिहास होता. डच वसाहतवाल्यांची बोली केपच्या मातीत मोडली, वाकली, रुजली. तिला आकार देणाऱ्यांत मूळचे खोई लोक होते, आणि इंडोनेशिया, बंगाल, मलबारकडून धरून आणलेले गुलामही होते. या भाषेतली सुरुवातीची काही पुस्तकं चक्क अरबी लिपीत, केपमधल्या मुसलमानांसाठी लिहिलेली आहेत. शुद्ध डच बोलणारे तिला ‘स्वैंपाकघरातली भाषा’ म्हणून हिणवत. तिला राजभाषेचा मान मिळाला १९२५ मध्ये, अख्खं बायबल मिळालं १९३३ मध्ये. तिच्यातला एक शब्द आपल्या घरचाच आहे. तिथल्या पोलिसांच्या हातात पूर्वी असणाऱ्या कातडी आसुडाला ‘शाम्बोक’ म्हणतात. तो मलायी भाषेतून आला, मलायीत फारसीतून, आणि फारसीतला मूळ शब्द म्हणजे आपला चाबूक.

तर टीव्ही नाही. मग करमणूक काय? रेडिओवर दुपारच्या श्रुतिका, आणि खिशात मावणाऱ्या फोटोकथांच्या पुस्तिका. खऱ्या नटनट्यांचे फोटो काढायचे, त्यावर संवादाचे फुगे चिकटवायचे आणि दर आठवड्याला स्टॉलवर आणायचं. हेर, जंगलचे वीर, घोडेस्वार आणि अर्थातच डॉक्टर-नर्स. पांढऱ्या कोटातला नायक आणि त्याच्याकडे चोरून बघणारी परिचारिका ही जोडी आफ्रिकान्स वाचकाच्या मनात टीव्हीच्या आधीच घर करून बसली होती.

जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. जगभर कोट्यवधी लोकांनी ते थेट पाहिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांना नंतर योहान्सबर्गच्या तारांगणासमोर रांगा लावून चित्रफितीचे तुकडे बघावे लागले. ही नामुष्की फार बोचली. हर्टझोग मंत्रिमंडळातून आधीच गेले होते. १९७१ मध्ये सरकारी आयोगानं टीव्ही आणायला हरकत नाही असं सांगितलं, आणि ५ जानेवारी १९७६ ला देशभर प्रक्षेपण सुरू झालं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं. म्हणजे वरळीच्या मनोऱ्यावरून कार्यक्रम दिसू लागल्यावर तीन वर्षांनी योहान्सबर्गला टीव्ही आला.

वाहिनी एकच, आणि तिच्यावर भाषांची वाटणी तराजूत तोलून केलेली. आज संध्याकाळचा पहिला भाग इंग्रजीत, दुसरा आफ्रिकान्समध्ये, उद्या उलट. काळ्या बहुसंख्याकांच्या भाषांना या तराजूत जागाच नव्हती. त्यांच्यासाठी वेगळ्या वाहिन्या निघाल्या १९८२ मध्ये.

टीव्ही येऊन पाच महिने झाले आणि १६ जूनला सोवेटो या योहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतली मुलं रस्त्यावर उतरली. काळ्या मुलांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवायचे, असा फतवा सरकारनं काढला होता. शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती. पोलिसांनी मुलांवर गोळ्या झाडल्या. मरणासन्न हेक्टर पीटरसनला उचलून पळणाऱ्या मुलाचा फोटो जगभर गेला. ज्या भाषेला जपण्यासाठी टीव्ही अडवून धरला होता, ती भाषा त्या दिवशी जगाच्या नजरेत गुन्हेगार ठरली. हे लिहिताना मला सतत एक गोष्ट टोचते: त्या भाषेत अंगाई गाणारे कितीतरी लोक गोरे नव्हतेच. केपच्या मिश्रवंशीय वस्त्यांमध्ये तीच मायबोली होती आणि आहे. राज्यकर्त्यांनी तिच्यावर आपल्या नावाची पाटी लावली, आणि बदनामी मात्र सगळ्यांच्या वाट्याला आली.

पुढची गोष्ट बहिष्काराची. ब्रिटिश नटांच्या संघटनेनं आपलं काम तिकडे विकायला मनाई केली. आपण भारतीय तर या बाबतीत सर्वांत पुढे. एके काळी आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेला चालणार नाही असं छापलेलं असे. मग तिथल्या टीव्हीनं अमेरिकन आणि जर्मन मालिका उचलल्या आणि आफ्रिकान्समध्ये डब केल्या. जर्मन पोलीस इन्स्पेक्टर डेरिक आफ्रिकान्स बोलू लागला. ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’चा नायक ‘पोलादी माणूस’ झाला. डबिंगमुळे स्टुडिओत नटांना, लेखकांना, ध्वनिमुद्रकांना रोजचं काम मिळालं, आणि रोजच्या बोलण्यातलं, ऐकायला सहज वाटेल असं आफ्रिकान्स संवाद म्हणून लिहायची सवय एका पिढीला लागली. पुढच्या मालिकांचा पाया इथे घातला गेला.

स्वतःच्या मालिकाही आल्या. ऐंशीच्या दशकात फ्रांझ मार्क्स या लेखक-दिग्दर्शकाच्या ‘आख्तर एल्के मान’ने, म्हणजे ‘प्रत्येक पुरुषाच्या मागे’ने, लोकांना खिळवून ठेवलं. याच मार्क्सनं पुढे देशातली पहिली रोजची मालिका उभी केली. नाव ‘एगोली’, हे योहान्सबर्गचं आफ्रिकी नाव, सोन्याचं गाव. पहिला भाग ६ एप्रिल १९९२ चा. त्याआधी तीनच आठवडे गोऱ्या मतदारांनी सार्वमतात वर्णभेद संपवण्याच्या वाटाघाटींना कौल दिला होता. मालिकेतली पात्रं एका वाक्यात आफ्रिकान्स तर दुसऱ्यात इंग्रजी बोलायची, मध्येच आफ्रिकी भाषाही यायच्या. अठरा वर्षं चालून ती ३१ मार्च २०१० ला थांबली.

रोजच्या मालिकेला आफ्रिकान्समध्ये ‘सेपी’ म्हणतात. सेप म्हणजे साबण, आणि शेवटचा ‘ई’ लाडाचा. आपल्याकडे ‘साबणुकली’ म्हटलं तर जसं वाटेल तसं. अमेरिकेत साबणाच्या कंपन्या रेडिओवरच्या कौटुंबिक श्रुतिकांना पैसा पुरवत, म्हणून ते सोप ऑपेरा. आपण ‘डेली सोप’ तसंच्या तसं उचललं. त्यांनी त्याला घरच्या पोरासारखं टोपणनाव दिलं.

‘एगोली’ ज्या एम-नेट वाहिनीवर यायची ती १९८६ ची, पैसे भरून बघायची. तिच्यामागे वृत्तपत्रवाल्यांचा पैसा होता, आणि त्यात पुढाकार नासियोनाले पेर्स या प्रकाशनसंस्थेचा. १९१५ मध्ये या संस्थेनं काढलेल्या ‘दी बर्गर’ या दैनिकाचे पहिले संपादक डी. एफ. मलान. हेच मलान १९४८ मध्ये वर्णभेदाचं राज्य घेऊन पंतप्रधान झाले. भाषा, छापखाना आणि सत्ता यांची गाठ इतकी घट्ट होती.

ती गाठ १९९४ मध्ये सुटली. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, अकरा भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी १९९६ मध्ये सार्वजनिक दूरदर्शनची फेररचना झाली आणि आफ्रिकान्सचे तास झपाट्यानं कमी झाले. अकरा भावंडांत ताट वाटायचं तर आजवर अर्धं ताट एकटीनं खाणारीला कमी मिळणारच. तक्रारी झाल्या, पत्रं लिहिली गेली. धंद्याची नजर असलेल्यांनी मात्र वेगळा हिशेब मांडला. हा प्रेक्षक भाषेवर जीव टाकतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात पैसे आहेत. नोव्हेंबर १९९९ मध्ये उपग्रहाच्या सशुल्क सेवेवर संपूर्ण आफ्रिकान्स वाहिनी सुरू झाली: केइकनेट. ‘केइक’ म्हणजे बघ. ‘नेट’ म्हणजे जाळं, आणि त्या भाषेत ‘नेट’चा दुसरा अर्थ ‘फक्त’. फक्त बघ. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला आपल्याकडे अल्फा मराठी सुरू झाली होती, पण ती केबलवाल्याच्या नेहमीच्या पैशात घरोघर पोचली.

या वाहिनीवर १३ ऑक्टोबर २००५ ला एका इस्पितळाचं दार उघडलं. मालिकेचं नाव ‘बिनेलांड’, पुढे ‘बिनेलांडर्स’. मधल्या काळात नावाला ‘सब ज्यूडिस’ असं कोर्टातलं लॅटिन शेपूटही लागलं होतं. डॉक्टर आणि वकील एका छपराखाली आले की मालिकावाल्याला विषयाचा तोटा राहत नाही. ‘बिनेलांड’ म्हणजे देशाचा आतला भाग. आपण कोकणातून ‘घाटावर’ म्हणतो तसं, समुद्रकाठच्या माणसानं आतल्या मुलखाला म्हणायचा शब्द. मालिकेतलं बिनेलांड क्लिनिक प्रिटोरियात आहे. काल्पनिक, अर्थात. निर्मिती स्टार्क फिल्म्सची. सोमवार ते शुक्रवार, आठवड्याला पाच भाग, म्हणजे वर्षाला अडीचशेच्या आसपास.

तिथला मुरलेला डॉक्टर आट कोस्टर साकारणारा नट हान्स स्ट्रायडम. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण ‘गॉड्स मस्ट बी क्रेझी’चा दुसरा भाग ज्यांनी पाहिला असेल त्यांनी हा माणूस पाहिलेला आहे. वाळवंटात एका वकीलबाईबरोबर अडकून पडलेला तो शास्त्रज्ञ हाच. व्हिडिओ कॅसेटच्या काळात त्या सिनेमावर आपल्याकडची अख्खी आळी हसली. तो हसवणारा तरुण पुढे आफ्रिकान्स घरांत रोज संध्याकाळी गंभीर चेहऱ्यानं रिपोर्ट वाचणारा डॉक्टर झाला.

रोजच्या मालिकेला इस्पितळ इतकं का मानवतं? एकत्र कुटुंबाच्या मालिकेत नवं पात्र आणायचं म्हणजे लग्न लावावं लागतं, नाहीतर परदेशातला भाऊ परत आणावा लागतो. इस्पितळात स्ट्रेचर ढकलला की झालं. आज आलेला पेशंट चार भागांत बरा होऊन जातो किंवा जात नाही, आणि जाताना कुणाचं तरी गुपित फोडून जातो. रक्ताचा गट जुळला नाही की बाप कोण हा प्रश्न आपोआप उभा राहतो. एखाद्या नटाला दुसरं काम मिळालं तर त्याला कोमात टाकता येतं, करार वाढला तर शुद्धीवर आणता येतं, भांडून गेला तर टेबलावरच संपवता येतं. खर्चाचंही गणित जुळतं. एक लांब कॉरिडॉर, एक ऑपरेशन थिएटर, स्वागतकक्ष, कँटीन, डॉक्टरांची खोली: एवढे सेट एकदा बांधले की वर्षानुवर्षं पुरतात. रोजच्या मालिकेला बाहेरचं ऊन-पाऊस परवडत नाही. इस्पितळात खिडक्यांना पडदेच असतात. आणि मास्क लावलेल्या माणसाचे फक्त डोळे दिसतात, त्यामुळे बरा नट डोळ्यांतून काम करायला शिकतो.

हे सगळं जगातल्या कुठल्याही हॉस्पिटल मालिकेला लागू आहे. बिनेलांडची खूण वेगळी: ते खासगी इस्पितळ आहे. ग्रूट स्कूर सरकारी होतं. बर्नार्डनी इतिहास घडवला तो सरकारी पगारावर, सरकारी टेबलावर. त्या काळचं सरकार गोऱ्यांच्या वॉर्डांवर हात सैल सोडून खर्च करी, त्यामुळे गोऱ्या मध्यमवर्गाला खासगी इस्पितळाची फारशी गरज पडत नव्हती. ऐंशीच्या दशकात खासगी साखळ्या उभ्या राहू लागल्या. मे १९९० मध्ये सरकारनं सार्वजनिक इस्पितळांची दारं सगळ्या वर्णांना खुली केली, आणि पैसेवाल्यांची पावलं खासगीकडे अधिक वेगानं वळली. आज त्या देशात सहांतल्या साधारण एकाकडेच वैद्यकीय विमा आहे. बाकीचे पाच सरकारी रांगेत.

म्हणून बिनेलांड क्लिनिकचा स्वच्छ स्वागतकक्ष मला साधा सेट वाटत नाही. सरकारी टीव्हीवर मागे पडलेली भाषा स्वतःच्या पैशानं बांधलेल्या वाहिनीवर गेली, आणि तिथे तिनं आपलं चित्र काढलं तेही पैसे मोजून मिळणाऱ्या उपचारांचं. मालिकावाल्यांनी हे ठरवून केलं असेल असं नाही. प्रेक्षक आजारी पडला की जिथे जातो तेच इस्पितळ त्यांनी दाखवलं, बस्स. त्यात भिंती आल्या, गेटवरचा पहारा आला. पण उमेदही आली. ज्या भाषेनं एके काळी सक्तीच्या जोरावर शाळेत जागा मिळवली, तिला इथे कुणी सक्तीनं ऐकत नव्हतं. इंग्रजी उपशीर्षकं असल्यानं भाषा न येणाऱ्यालाही बघता येत होतं. पडद्यावर तपकिरी, काळे, गोरे सगळे डॉक्टर एका कॉरिडॉरमध्ये आफ्रिकान्समध्ये वाद घालत, प्रेम करत, चुकत होते. फर्वूर्टना नको असलेलं नेमकं तेच चित्र.

बर्नार्डनी हे पाहिलं नाही. सप्टेंबर २००१ मध्ये सायप्रसला सुट्टीवर असताना ते गेले. तीन लग्नं, तीन घटस्फोट, चित्रपटतारकांसोबतचे फोटो, संधिवातानं वाकडी झालेली आणि शेवटी शस्त्रक्रिया सोडायला लावणारी बोटं. असं आयुष्य कुणा लेखकानं सेपीत लिहिलं असतं तर निर्मात्यानं ‘जरा कमी करा’ म्हणून परत पाठवलं असतं.

केइकनेटच्या परिवारात पुढे केप टाउनच्या बेभान वाऱ्याच्या नावाची ‘साउडउस्टर’ २०१५ मध्ये आली, आणि २०१८ मध्ये ‘आरेंट्सफ्लेई’. या दोन्हींनी मिश्रवंशीय केपची बोली, तिचा हेल, तिचे शिव्याशाप पडद्यावर आणले. ती बोली जिथे जन्मली तिथलीच माणसं मुख्य भूमिकांत आली, याला फार उशीर झाला, आणि तेही पैसे भरून बघायच्या वाहिनीवर. ज्या वस्तीची ही गोष्ट आहे तिथल्या प्रत्येक घराला महिन्याची वर्गणी परवडते असं नाही.

ज्यांना ती परवडत नव्हती त्यांच्यासाठी सार्वजनिक दूरदर्शनवर ‘सेवेंदे लान’ होती, म्हणजे ‘सातवी गल्ली’. एप्रिल २००० मध्ये सुरू झालेली, काल्पनिक उपनगरातल्या एका रस्त्यावरच्या दुकानदारांची आणि शेजाऱ्यांची मालिका. इंग्रजी उपशीर्षकांमुळे ती आफ्रिकान्स न समजणाऱ्यांनीही आवडीनं पाहिली. तिचा शेवटचा भाग २६ डिसेंबर २०२३ ला लागला. बिनेलांड क्लिनिक त्यानंतरही सुरूच राहिलं, उपग्रह सेवेच्या १४४ क्रमांकाच्या वाहिनीवर, वर्गणी भरणाऱ्यांसाठी.